डावरीची पात

यंदा कोबीवर अळी पडली. पान उचललं की अळी, त्याखालचं पान उचललं की आणखी अळी, आणि एकेक अशी गुबगुबीत, की कापणाऱ्या बायका म्हणायच्या, मालकानंतर या शेतात हिच्याइतकं कुणी खाल्लं नसेल. मालकानं औषध आणलं. एका डब्यानं भागेना म्हणून एका टाकीत दोन डबे ओतले. अळी मेली. अळीबरोबर त्या बायकांतली बुटकीही मेली.

अळी मेलेली सगळ्या गावानं पाहिली. बुटकी कशानं मेली ते मात्र कुणीच पाहिलं नव्हतं म्हणे. भरदिवसा, सगळ्या टोळीच्या डोळ्यांदेखत, ओल्या कोबीवर तोंडघशी पडली होती ती. पण पाहिलं कुणी नव्हतं.

फक्त डावरीनं पाहिलं होतं.

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डाव्या हातानं विळा चालवायची म्हणून डावरी. कोबी कापायला बायका एका रांगेत वाकतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन सऱ्या येतात, त्यांना पात म्हणतात. डावरीचा विळा उलटा फिरायचा, शेजारणीच्या मनगटाला लागायची भीती, म्हणून तिला कायम कडेची पात. तिच्या शेजारची पात धरायला एकच बाई तयार असायची, बुटकी. "माझं मनगट तुझ्या विळ्याच्या खालूनच जातंय," असं म्हणून हसायची.

टोळीची एक रीत होती. जिची पात मागे राहील तिच्याकडे जिची संपली असेल तिनं समोरून कापत यायचं. शेवटची पात उरकल्याशिवाय कुणी बांधावर टेकायचं नाही. ही रीत कुणी घालून दिली नव्हती आणि आजवर कुणी मोडलीही नव्हती.

बुटकी पडली तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. तिला ट्रॉलीत घातलं. सोबत टोळीतली थोरली आक्का आणि आणखी दोघीतिघी चढल्या. डावरी चढायला गेली तर टोळीचा मुकादम म्हणाला, "सगळ्याच गेलात तर गाडी कोण भरणार?" म्हणून ती मागे राहिली. दवाखान्यात मुकादमानं सांगितलं, फीट आली. डॉक्टरनं बायकांकडे पाहिलं. बायकांनी माना डोलावल्या. फीटचं औषध दिलं गेलं. दिवस मावळायच्या आत बुटकी गेली.

पुढं सरकारी साहेब चौकशीला आला. झाडाखाली खुर्ची टाकून बसला. एकेकीला बोलावलं. आक्का म्हणाली फीट. आक्का म्हणाली म्हणून बाकीच्या म्हणाल्या फीट. डावरीची धाकटी जाऊसुद्धा खाली बघत म्हणाली, फीट. शेवटी डावरी.

"फीट कसली हो साहेब? जन्मात कधी फीट नव्हती तिला. पहाटे फवारलं आणि उजाडल्यावर आम्हाला आत घातलं. कोबी ठिबकत होता. आमच्या सगळ्यांच्या हाताला वास होता. त्याच हातांनी आम्ही डबा खाल्ला."

साहेबानं मान हलवली आणि निघून गेला. त्याचं पुढं काय झालं ते त्यालाच ठाऊक. डावरीचं काय झालं ते मात्र दुसऱ्या दिवशीपासूनच दिसायला लागलं.

मालकानं काही फर्मान काढलं नाही. मालक शहाणा माणूस. तो इतकंच म्हणाला, "ज्या टोळीत ती बाई असेल त्या टोळीला माझ्याकडं काम नाही. बाकी माझं कुणाशी वैर नाही." त्याच्या चुलतभावांचंही कुणाशी वैर नव्हतं. त्याच्या मेव्हण्याचंही नव्हतं. आणि गावातली सगळी भिजणारी जमीन या निर्वैर माणसांचीच होती.

सकाळी डावरी नेहमीसारखी विळा फडक्यात गुंडाळून चौकात आली आणि ट्रॉलीत चढली. मग आक्का उठली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली उतरली. तिच्या मागून दुसरी. मग एकेक करून सगळ्या. ट्रॉलीत डावरी एकटी उरली.

मुकादम दात कोरत उभा होता. ट्रॅक्टर बंद झाला.

"काय झालं?" डावरी म्हणाली. "मी काय महारोगी आहे का?"

खाली सगळ्या पदर सावरत चाकाशी उभ्या राहिल्या.

"बरं, नका बसू. मुकादम, चला. मी एकटी कापते."

"एकट्या बाईला टोळी म्हणतात होय?" मुकादम म्हणाला. "मला काय, मी थांबतो. उन्हं चढली की मालक विचारेल, तेव्हा यांनी काय सांगायचं ते बघ बाई तूच."

डावरी बसून राहिली. मनात म्हणत होती, कुणीतरी एक चढेल. एक चढली की पुरे. तेवढ्यात खालून आवाज आला. धाकटीचा, सख्ख्या जावेचा.

"उतरा ना जाऊबाई. आमच्या पोटावर का बसलाय?"

मग डावरी उतरली. उतरताना ट्रॉलीच्या फाळक्यात तिचं फडकं अडकलं आणि टर्रकन फाटलं. कुणीतरी फिसकन हसलं. कोण हसलं ते तिला कळलं नाही आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

दोघी जावांची घरं एका भिंतीला लागून, अंगण एक. त्याच दिवशी दुपारी धाकटीच्या नवऱ्यानं अंगणाच्या मधोमध काटेरी फांद्या आणून टाकल्या. सासू धाकटीकडे राहायची. म्हातारीला काही कळेना. ती काट्यांच्या पलीकडून विचारत राहिली, "अगं, कोंबड्यांसाठी घातलंय का हे?"

डावरीचा नवरा गवंडी. पूर्वी परांचीवरून पडला होता, तेव्हापासून एक पाय आखूड. उंच चढता यायचं नाही, पण ओटे, जोती, चुली, अशी बसून करायची कामं कायम हातात असायची. दुकानदाराची मागची भिंत कमरेपर्यंत आली होती. ती तशीच राहिली. गवंडी सकाळी कामावर गेला तर दुकानदार म्हणाला, "राहू दे सध्या." संध्याकाळी त्याची थापी, ओळंबा आणि पाटा त्याच्या अंगणात येऊन आदळले. आणून दिले नव्हते, फेकले होते. थापीची मूठ तडकली. गवंड्यानं ती उचलली, फडक्यानं पुसली, सुतळी गुंडाळून घट्ट केली आणि कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसली. वापरलेली नसताना पुसली.

गिरणीत डावरीचं धान्य रांगेत असायचं. तिचा नंबर आला की पट्टा निसटायचा. गिरणीवाला म्हणायचा, "पट्टा गेला गं, उद्या ये." ती पायरी उतरली की मागं गिरणी घरघरायला लागायची. कुणी अंगावर येत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. शिवी दिली असती तर तिला चार उलट्या देता आल्या असत्या आणि त्यात ती कुणाला हार गेली नसती. पण इथं सगळे नुसते तिच्यातून आरपार बघत होते. हापशावर ती गेली की आधीच्या बाया कळशी अर्धी टाकून निघून जायच्या. रस्त्यात "काय गं, कशी आहेस" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. कधीकधी घरी येऊन ती मोठ्यानं बोलून बघायची, आपला आवाज आहे की नाही म्हणून.

शेवटी दोघं नवराबायको धान्य घेऊन माळापलीकडच्या गावाला दळायला जायला लागली. पोतं तिच्या डोक्यावर, अर्धं त्याच्या खांद्यावर. तो लंगडत चालायचा, ती पुढं जाऊन थांबायची. बांधावरचं सरपण तोडून तिकडंच विकायचं. तिच्या मानेला गाठ आली. हाताला कोबीची सवय, काटक्यांनी तळवे सोलून निघाले.

"मी तुला फीट म्हण असं सांगणार नाही," एकदा वाटेत बसल्यावर गवंडी म्हणाला. आखूड पाय चोळत होता. "पण म्हणू नको असंही म्हणवत नाही गं आता."

डावरीनं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं. उरलेल्या वाटेत मात्र तिनं पोत्याखाली हळूच म्हणून पाहिलं, फीट. एवढासा शब्द. म्हटला की सगळं पूर्वीसारखं. पण म्हटला की डोळ्यापुढं बुटकीचे डोळे यायचे, धार लागलेले.

मग एका दुपारी बुटकीचा नवरा आला. काट्यांच्या बाहेर उभा राहिला. मालकानं त्याला पंपावर कायमचं लावलं होतं, घरावर नवे पत्रे घालून दिले होते. पायात नवे बूट होते आणि ते चावत असावेत, कारण तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता.

"वहिनी, मिटवा आता," तो म्हणाला. "साहेब परत येणार म्हणतात. मला विचारतील. मी म्हणणार फीट."

"म्हणा."

"तुम्हीपण म्हणा. माझी बायको मेली. मी म्हणतोय ना फीट? मग तुमचं काय जातंय?"

डावरी सरपण फोडत होती. कोयता लाकडात रुतला तसा तिनं राहू दिला.

"तुमची बायको होती हो," ती म्हणाली. "रात्री तुमच्या शेजारी असायची, घोरत. दिवसभर माझ्या शेजारी असायची, जागी. ती पडली तेव्हा तिनं हात कुणाचा धरला माहिती आहे? माझा. नखं रुतवली. हे बघा." तिनं मनगट पुढं केलं. तिथं आता काहीच नव्हतं, कधीच भरून आलं होतं. "जा. पत्रे गळत नाहीत ना, बघा पावसात."

तो गेला. डावरीनं मग त्या लाकडाचा असा काही भुगा केला, की गवंडी आतून येऊन बघत उभा राहिला आणि तसाच मागं फिरला.

आणि पावसाची चिन्हं दिसलीच. वेळ नसताना आभाळ भरून आलं. कोबी तयार होऊन फुटायला आला होता, पावसात सापडला तर शेतातच सडणार. पलीकडच्या शिवारातल्या टोळ्या आधीच अडकलेल्या. उजाडताच मुकादम डावरीच्या दारात उभा.

"चल. विळा घे."

"मी? टोळीला चालते?"

"टोळीला विचारलं कुणी? माणूस कमी आहे, मालकही आज बघून न बघितल्यासारखं करेल. कडेची पात तशीही तुझीच. मधे दोन पाती सोडून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, कुणी तुझ्याशी बोलणार नाही. तोंडाला कुलूप. जमतंय का बघ."

गवंड्यानं फडक्यात गुंडाळलेला विळा खुंटीवरून काढून तिच्या हातात दिला. घरात दाणा नव्हता. डावरी गेली.

कोबी ओला होता. दव म्हणावं तर दवाला असा वास येत नाही. गाडी लांब जाणार, माल चांगला दिसावा म्हणून पहाटे पुन्हा फवारलं होतं. डावरीला बांधावरूनच कळलं. तिनं मुकादमाकडे पाहिलं. त्यानं ओठावर बोट ठेवलं. तिनं फाटकं फडकं तोंडाला बांधलं, ओल्या पानांना शक्य तितकं कमी लागेल असं वाकून कापायला लागली. संतापानं तिचे दात एकमेकांवर घासत होते. हा संताप मुकादमावर होता, बायांवर होता, आणि विळा हातात धरून आलेल्या स्वतःवरही होता.

मधे दोन पाती मोकळ्या. त्यांच्या पलीकडे सगळी रांग एकमेकींना सांभाळून पुढं सरकत होती. डावरीला जास्तीच्या सऱ्या दिल्या होत्या, ती मागं पडत गेली. जेवणाच्या वेळेला रांग बांधाला पोचली. डावरीची पात पाव शेत मागं होती. तिनं मान वर केली. आता कुणीतरी समोरून लागेल, असं तिला वाटलं. मनात आलंच तिच्या. इतकं होऊनही आलं.

आक्का विळा पुसत बांधावर चढली आणि टेकली. तिच्या मागून सगळ्या टेकल्या. डबे उघडले गेले. डावरी वाकून कापत राहिली आणि त्या खात बघत राहिल्या. रीत मोडायला काही फार लागत नाही. नुसतं बसायचं असतं.

धाकटी तेवढी बसली नव्हती. बांधाच्या कडेला उभी राहून ती डावरीच्या पातीकडे बघत होती. तिच्या मनात काय होतं देव जाणे. एक पाऊल तिनं खाली टाकलं आणि तशीच सरीत बसली. मग कुशीवर कलंडली.

"अगं, घसरली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

घसरली नव्हती. पाय झाडत होती. तोंडातून लाळ, डोळ्यांतून धार.

बांधावर सगळ्या हातात घास धरून तशाच. डावरीनं विळा फेकला आणि पाती तुडवत धावत आली. जाऊन धाकटीची मान मांडीवर घेतली, कुशीवर वळवली, बोटानं तोंडातली लाळ काढली.

"पाणी! पाणी आणा! पिण्याचं नाही, कळशी आणा!" कुणी हलेना म्हणून तिनं पहिल्यांदाच शिवी हासडली, कडक आणि सगळ्यांना मिळून. तेव्हा कुठं दोघी हलल्या. तिनं धाकटीचे भिजलेले कपडे ओढून काढले, वर कळशी रिकामी केली, हात कोपरापर्यंत घासले. स्वतःचं फडकं तिच्या अंगावर टाकलं.

"फीट आहे," मुकादम धावत येऊन म्हणाला. "कांदा हुंगवा."

"तुझ्या नाकात घाल कांदा," डावरी म्हणाली. "ट्रॉली आण!"

या वेळी तिला कुणी मागं ठेवू शकलं नाही. धाकटीचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. आक्का चढली, आणखी चौघी चढल्या, मुकादम पुढं बसला. वाटेत पाऊस सुरू झाला. धाकटीच्या छातीत घरघर वाजत होती.

दवाखान्यातला डॉक्टर नवा होता. जुना बदलून गेला होता. यानं धाकटीच्या पापण्या वर केल्या, छातीला नळी लावली.

"काय झालं हिला?"

"फीट, साहेब," मुकादम म्हणाला. "यांच्यात असते."

"फीटमध्ये इतकी लाळ?" डॉक्टरनं मान वर केली. "नीट सांगा. शेतात काही फवारलं होतं का? दोन्हींची औषधं वेगळी आहेत. चुकीचं टोचलं तर जाईल ही."

बायका भिंतीला चिकटून उभ्या. आक्का सरकत सरकत डावरीजवळ आली. कितीतरी दिवसांनी तिनं डावरीच्या कानाशी तोंड नेलं.

"सांग ना गं तू," ती कुजबुजली. "तुझं काय जाणार आहे आता?"

डावरीच्या डोक्यात काहीतरी फुटलं. इतके दिवस सरपण, पोतं, गिरणी, सगळं पोटात घातलं होतं. हे एक वाक्य तिला गिळवेना. म्हणजे हिला सगळं कळत होतं. काय जातं, कुणाचं जातं, आणि आता कुणाचं जायचं उरलं नाही, हा हिशेब त्या बाईनं चोख करून ठेवला होता.

पण मांडीवरची घरघर थांबत नव्हती. डावरी म्हणाली, "विष आहे, साहेब. आज पहाटे फवारलंय. कोबी ओला होता."

"हिचं नका ऐकू," मुकादम पुढं झाला. "हिला गावात कुणी विचारत नाही. मालकाशी वैर धरून बसलीय. विचारा हवं तर या बायांना, हिच्याशी कुणी बोलतं का."

डॉक्टरनं बायकांकडे पाहिलं. "ही म्हणते ते खरं आहे का?"

एकीनं नखं बघितली, एकीनं छत.

डावरीनं धाकटीचं डोकं अलगद खाली टेकवलं आणि उठली. आक्काचं मनगट तिनं डाव्या हातानं पकडलं, विळ्याची मूठ पकडावी तसं, आणि ओढत नेऊन तिचा पंजा डॉक्टरच्या नाकाला लावला.

"माझं ऐकू नका. माझ्याशी कुणी बोलत नाही. हिच्या हाताचा वास घ्या!"

"सोड, सोड गं," आक्का धडपडली. डावरीनं सोडली आणि दुसरीला धरलं. तिचाही हात नाकाशी. मग तिसरीचा. चौथी दाराकडे निघाली होती, तिला वेणीला धरून मागं ओढलं. "घ्या! हिचापण घ्या! याच हातांनी जेवल्या आत्ता! अजून घास असेल दातात!" तिचा आवाज फाटला होता आणि बाहेरच्या बाकावरचे लोक दारात जमले होते. मुकादम "अरे, अरे" करत होता. डॉक्टरनं नाक मागं घेतलं, पण वास त्याला मिळाला होता.

"दोन डबे," आक्का एकदम म्हणाली. भिंतीकडे बघत, कुणाकडेही न बघता. "दोन डबे एका टाकीत घालतात. आजपण घातले. मागच्या वेळीपण."

डॉक्टर आत धावला.

धाकटी जगली. सुया, नळ्या, उलट्या, सगळं झालं आणि दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. तिनं डावरीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शरमेनं फिरवलं की शुद्ध नव्हती म्हणून, ते डावरीनं विचारलं नाही. तिनं चादर नीट केली आणि बाहेर आली.

ओसरीवर बायका पावसाकडे बघत बसल्या होत्या. मुकादम कधीचा पळाला होता. डावरीला पाहून सगळ्या उभ्या राहिल्या, लग्नघरात मोठं माणूस आल्यासारख्या. आक्का पुढं आली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"बरं झालं तू होतीस," ती म्हणाली. "चौकशीचा साहेब आला की आम्ही सगळ्या सांगू. खरंच सांगू. झालं गेलं सोड आता. उद्यापासून ये पातीला, माझ्या शेजारी बस." आणि तिनं डावरीच्या खांद्यावर हात ठेवला.

डावरीनं त्या हाताकडे पाहिलं. हातावरच्या रेघा हिरव्या होत्या, नखं हिरवी होती, आणि अजून तो दर्प येत होता.

"हात काढ."

"अगं, मी..."

"काढ आधी," डावरी म्हणाली. "बुटकीला घेऊन तू इथंच उभी होतीस ना? तेव्हाही तुझ्या हाताला हाच वास होता."

आक्काचा हात खाली आला. तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. डावरी पायऱ्या उतरून पावसात चालू लागली. मागून तिला कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी ती थांबणार नव्हती.